कल्हई

चिखलीच्या खाडीला ओहोटी सहा पन्नासची.
मी पोचतो तेव्हा एस्पेरांसा गुडघाभर चिखलात,
पायाच्या बोटांनी शिंपले चाचपत.
हाताला कळत नाही, म्हणते. पाय सांगतो
जिवंत कुठला नि नुसता गाळ भरलेला कुठला.

माझ्याकडे बर्फाची पेटी, अठरा बाटल्या,
मंडळाचा शिक्का आणि एक फॉर्म,
ज्यात 'स्रोत' या शब्दापुढे दीड इंच जागा.

दीड इंचात काय लिहू?
समोर दुरुस्तीला चढवलेली खनिजाची बार्ज?
तिच्या पोटाखाली दुर्गप्पा जुना लाल रंग खरवडतोय,
नाकाला बायकोची ओढणी.
पापुद्रे रेतीत पडतात. भरती येते, घेऊन जाते.
त्याचं नाव लिहू? त्याच्या मुकादमाचं?
की त्या बिनलेबलच्या डब्याचं,
जो बंदीच्या आधीचा आहे असं सगळे सांगतात
आणि इतक्या वर्षांनीही जो संपत नाही?

रंगात कथील असतं.
तेच, ज्याची कल्हई
माझे वडील सावर्ड्याच्या बाजारात करत.
नवसागराचा पांढरा धूर, कापसाचा बोळा,
आणि काळ्या टोपात एकाएकी उजाडायचं.
आमटी कळकू नये म्हणून.

त्याच कथलाला कुणी तीन कर्बसाखळ्या जोडल्या
आणि जहाजाच्या तळाला फासलं.
शेवाळ धरू नये, कालवं बसू नयेत, डिझेल वाचावं.
चिकटायला आलेलं मरतं.
न चिकटलेलंही.

प्रयोगशाळेत हळर्णकर बाई खाडीतला शंख फोडून
आतला जीव भिंगाखाली धरतात.
मादी आहे, म्हणतात. आणि हे बघा.
मादीला उगवलेलं नराचं इंद्रिय,
अंड्यांची वाट बुजलेली.
मग पट्टीने मोजतात. दोन पूर्णांक तीन मिलिमीटर.
अहवालात हे 'लक्षणीय'.
किती विष पुरतं याला?
लिटरभर पाण्यात ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग.
आमच्या यंत्राला तेवढं बारीक दिसत नाही.
शंखाला दिसतं.

नोटीस निघते. साहेब तिसऱ्यांदा वाचून
'आढळले'चं 'आढळल्याचे दिसते' करतात.
गोदीचं उत्तर: आमचा रंग कथीलमुक्त,
आता तांब्याचा वापरतो, प्रमाणपत्र सोबत.
बंदर म्हणतं, जहाजं बाहेरची.
मत्स्यखातं म्हणतं, पाणी तुमचं.
गाळ कुणाच्याच खात्यात नाही.
वीस वर्षांचं पोटात घेऊन खाली बसलाय मुकाट,
ड्रेजर आला की तेवढा कूस बदलतो.

एस्पेरांसा पाटी उतरवते.
"खांवपाचे काय न्हय, इतलेंच सांग."
अहवाल पंचेचाळीस दिवसांत, मी सांगतो.
ती हसत नाही, चिडतही नाही.
"आणि तोवर पाव कशाबरोबर?"
मग उन्हात एक रिकामं कवच धरते,
पातळ, दुधी; तिच्या आजोळच्या खिडकीत
काचेच्या जागी अशी तीनशे होती.
दुपारी घरभर उजेड मऊ पडायचा.
आता एवढी मोठी होत नाहीत, म्हणते, आणि ते खिशात घालते.

बारा शिंपले सील केले. नमुना क्रमांक, वेळ, सही.
तेरावा तिने तसाच माझ्या हातावर ठेवला.
पैसे घेतले नाहीत.

घरी वडिलांनी शेवटची कल्हई केलेला टोप आहे.
त्यात खाडीचं पाणी ओतून शिंपला ठेवला.
दिवा लावला तेव्हा तळ दिसला:
कथील झिजलेलं, तांबं उघडं, लाल.
घाईघाईने स्टीलच्या डब्यात हलवला.

रात्री दोनदा उठून पाहिलं.
मिटलेला आहे.
मिटलेला म्हणजे जिवंत, असं ती म्हणाली होती,
की गाळ भरलेलाही मिटूनच असतो?
फॉर्म टेबलावर. दीड इंच कोरा.